साक्षीदार म्हणून गेले होते

आमच्या कारखान्यात कोणाचा नवरा पळाला, कोणाच्या पोरीचं पोट दिसायला लागलं, तर ती बातमी कपडे बदलायच्या खोलीत आठ वाजता येते आणि साडेआठला शिळी होते. ग्रासिएतची बातमी मात्र चार महिने ताजी राहिली. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी झुल्मिरा डोक्याला जाळी बांधता बांधता म्हणाली, "कळलं का? ग्रासिएतला आर्गीदा केलं."

पुढे कोणी काही विचारलं नाही. विचारायचं काय होतं? टीव्हीवर एखादा मंत्री कोर्टाच्या पायऱ्या उतरताना दिसतो, खाली पट्टीवर हाच शब्द सरकत असतो, आणि आम्ही कॉफीचा घोट घेत म्हणतो, बघ, पैसे खाल्लेत यानं. कायद्याच्या पुस्तकात त्याचा अर्थ काय असेल तो असो, आमच्याकडे आर्गीदा म्हणजे केलंय. न केलेल्या माणसाला सरकार उगाच कशाला असा शब्द चिकटवेल?

मी इदालिना. पोर्तोशेजारच्या बंदरात सार्डिन मासळीचे डबे भरणाऱ्या या कारखान्यात मला एकोणतीस वर्षं झाली. त्यातली बावीस मी कागद गुंडाळायच्या खोलीत काढली. भरलेला, शिजलेला, पुसलेला डबा माझ्यापुढे येतो आणि मी तो रंगीत कागदात हातानं गुंडाळते. ग्रासिएत पलीकडच्या दालनात म्हातारीवर असते. म्हातारी म्हणजे बंद डबे वाफेवर शिजवायची लोखंडी टाकी. आम्ही सगळे तिला म्हातारीच म्हणतो, कारण ती कुरकुरते आणि तिच्याशिवाय कोणाचं चालत नाही. ग्रासिएत माझी कोमाद्र. माझ्या लीदियाच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये तिनंच तिला हातात धरलं होतं, म्हणजे ती माझ्या लेकीची धर्ममाता, आणि आम्ही दोघी तेव्हापासून एकमेकींना नावानं हाक मारत नाही, कोमाद्रच म्हणतो. चोवीस वर्षं म्हणत होतो.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. म्हातारीतून डब्यांचा प्रत्येक घाणा निघाला की एक कागद भरावा लागतो. किती वेळ शिजले, वाफेच्या दाबाचा काटा कुठे होता, आणि खाली, टाकीवर जी असेल तिची सही. पण पलीकडच्या दालनात सगळ्यांचे हात कोपरापर्यंत तेलानं आणि खारट पाण्यानं भिजलेले. त्या हातांनी कागद धरला की त्याचा लगदा होतो. म्हणून आम्ही कोणी कामाला लागायच्याही आधीपासूनची रीत अशी, की कागद मधल्या खिडकीतून आमच्या खोलीत सरकवायचा आणि ज्याचे हात कोरडे असतील त्यानं तो भरायचा. कोरडे हात बहुतेक वेळा माझेच. तिकडून आवाज यायचा, "इदालिना, कागद कोरडा करून दे गं," आणि मी एक तास, नेहमीचा काटा, आणि टाकीवरच्या बाईच्या नावाची दोन अक्षरं लिहून खिडकीवर ठेवायची. ग्रासिएत मोतिन्यु, म्हणून तिची दोन अक्षरं. असे हजारो कागद मी कोरडे केले असतील. आम्ही याला सही म्हणतच नव्हतो. त्यामुळे पुढे जे झालं ते ऐकून, तुझ्या डोक्यात कसं आलं नाही, असं मला विचारू नका. श्वास घेतल्याची कोणी आठवण ठेवत नाही, तसंच ते होतं.

तर झालं असं. मे महिन्यात डोंगराकडच्या एका गावात लग्न होतं. तिथे आमचे डबे फोडले गेले आणि अकरा माणसं आजारी पडली. नवरीची आजी वीस दिवस नळ्या लावून पडून होती. वाचली बिचारी, पण आता तिचा एक हात चालत नाही. तपासणीवाल्यांनी डब्यावरचा आकडा पाहिला आणि चौदा मार्चच्या दुपारच्या घाण्यापर्यंत माग काढला. डबे पुरते शिजलेले नव्हते. कागदावर मात्र एक तास लिहिला होता आणि खाली ग्रासिएतची दोन अक्षरं होती. काट्याची रेघ आपोआप काढणारं यंत्र जानेवारीपासून बंद होतं, म्हणजे त्या दुपारचा पुरावा एवढा कागदच. सरकारी वकिलांच्या कचेरीतून ग्रासिएतला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. सकाळी साक्षीदार म्हणून गेली ती दुपारी आर्गीदा होऊन बाहेर आली.

मी दोन दिवस तिची वाट पाहिली. कॉफीच्या सुट्टीत ती समोर येऊन बसायची, साखरेची पुडी फाडायची, ढवळायची, आणि तिच्या आईच्या डोळ्यांबद्दल बोलायची. त्या प्रकरणाबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. मी का विचारू? जिनं केलेलं नसतं ती आपणहून बोलते, टेबलावर हात आपटून बोलते. मी तिच्या जागी असते तर बंदरावरच्या बोटींना ऐकू गेलं असतं. शेवटी झुल्मिरानंच सगळ्यांसमोर तिला छेडलं, तेव्हा ती म्हणाली की वकीलबाईंनी बोलू नको म्हणून सांगितलंय. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगायला वकील कशाला लागतो?

मग एकेक गोष्ट जुळत गेली. झुल्मिराची नणंद डोळ्यांच्या दवाखान्यात फरशी पुसते. तिनं चौदा मार्चच्या दुपारी ग्रासिएतला आईला घेऊन तिथे बसलेलं पाहिलं होतं. तारीख तिला पक्की आठवत होती, कारण त्याच दिवशी तिचा स्वतःचा वाढदिवस होता.  सही इथे आणि बाई तिथे, असं झुल्मिरा म्हणाली आणि ते वाक्य मग सगळ्यांच्या तोंडी बसलं. मीही ते म्हटलं, दोनदा तरी. बाईनं आधीच कागद भरून ठेवला आणि म्हातारीला वाऱ्यावर सोडून निघून गेली, असं आमचं ठरलं.

त्यातून आणखी एक गोष्ट कुठून तरी फुटली. ग्रासिएतला कोणी आर्गीदा केलंच नव्हतं. तिनं ते स्वतः मागून घेतलं होतं. सरकारी कचेरीतल्या बाईसमोर बसून म्हणाली होती की मला आर्गीदा करा. हे ऐकल्यावर मला वाटलं, आता संशयालाही जागा उरली नाही. चर्चमध्ये जाऊन कोणी आपणहून म्हणतं का, की मला पापी म्हणून लिहून घ्या? लीदियानं मला समजवायचा प्रयत्न केला. ती प्रवासी कंपनीत काम करते, तिला कागदपत्रांची सवय आहे. ती म्हणाली, "आई, आर्गीदा म्हणजे गुन्हेगार नव्हे. ज्याच्यावर संशय आहे त्याला मिळालेले हक्क आहेत ते. वकील मिळतो, गप्प बसता येतं. खटला उभा राहणं ही पुढची गोष्ट, आणि शिक्षा त्याच्याही पुढची."

मी म्हटलं, वकिलांच्या घरात असेल तसं. तू तुझ्या धर्ममातेची बाजू घेणारच.

आमचे इंजिनिअर व्हिल्येना फार सभ्य माणूस. कारखान्याचं सगळं उत्पादन त्यांच्या हाताखाली. आवाज कधी चढत नाही, बायकांशी बोलताना दाराची चौकट सोडून आत येत नाहीत. नोव्हेंबरात ते आमच्या खोलीशी येऊन म्हणाले की मी कोणावर आरोप करत नाही, कायदा कायद्याचं काम करेल, पण कंपनीच्या नावाचा प्रश्न आहे आणि तुम्हा बायकांना काय वाटतं ते कळलं तर मालकांना निर्णय घ्यायला सोपं जाईल. अर्ज करा, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. अर्ज मीच लिहिला, माझ्या घोटीव अक्षरात. प्रकरण संपेपर्यंत आर्गीदा असलेल्या बाईबरोबर आम्हाला काम करायचं नाही. खाली एकतीस जणींनी सह्या केल्या. पहिली माझी. त्या आठवड्यात ग्रासिएतला घरी बसवलं.

खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. त्या आजीचा लुळा हात मी पेपरात पाहिला होता आणि कोणीतरी त्याचं देणं द्यावं असं मला मनापासून वाटत होतं. शिवाय, आपली माणसंसुद्धा सोडत नाही मी, याचाही थोडा ताठा होता. जाताना ग्रासिएतनं कपाटातला झगा, चपला, आईचा फोटो एका पिशवीत भरला. माझ्याजवळून गेली तेव्हा मी डबा गुंडाळत होते आणि मान वर केली नाही. नाताळला तिच्याकडून दरवर्षी येणारा गोड पाव आला नाही आणि मी लीदियाला म्हटलं, बघ, कोणाचं मन खातंय ते.

जानेवारीत मला पत्र आलं. साक्षीदार म्हणून हजर राहावे. मी ते पत्र पर्समध्ये घालून चार दिवस मिरवलं. व्हिल्येनांनी मला बोलावून घेतलं आणि हसत सांगितलं की माझं नाव त्यांनीच सुचवलंय, कारण माझ्यासारखी सरळ बाई कारखान्यात दुसरी नाही. विचारतील तेवढंच सांगा, जास्तीचं कशाला, असंही ते म्हणाले. त्या दिवशी मी लीदियाच्या लग्नासाठी शिवलेला कोट घातला.

कचेरीतली बाई लीदियाच्याच वयाची होती. तिनं मला खरं सांगण्याची शपथ दिली आणि साक्षीदारानं खोटं बोलणं किंवा उत्तर टाळणं हाही गुन्हा आहे, असं बजावलं. मी म्हटलं, त्यासाठीच आलेय. कारखान्यात किती वर्षं, कोणत्या खोलीत, ग्रासिएतला कधीपासून ओळखता, असं सगळं झालं. मग तिनं प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद माझ्यापुढे ठेवला. चौदा मार्चचा. हा कागद मी एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही एकतीस जणी ज्याच्यावरून एका बाईला घरी बसवून मोकळ्या झालो होतो, तो आमच्यापैकी एकीनंही डोळ्यांनी पाहिला नव्हता.

"ही सही ग्रासिएत मोतिन्यु यांची आहे का?" तिनं विचारलं.

मी पाहिलं आणि मला हसू आलं. "ही होय? नाही हो, ही माझी."

मी तिला समजावून सांगितलं. अगदी शहरातल्या पोरीला मासा कसा साफ करायचा ते सांगावं तसं. हात ओले असतात, कागद भिजतो, मग ज्याचे हात कोरडे त्यानं भरायचा, आणि माझं अक्षर सगळ्यात चांगलं. मी तिला दाखवलंसुद्धा, की दुसऱ्या अक्षराची शेपटी मी अशी लांब ओढते, ग्रासिएत ओढत नाही. बोलता बोलता त्या कागदाच्या कोपऱ्यावरचा डिंकाचा डाग मला दिसला आणि ती दुपार आठवली. कागद नेहमीसारखा टाकीवरच्या बाईनं सरकवला नव्हता. खिडकीतून पांढऱ्या, इस्त्रीच्या बाहीचा हात आला होता. मी घाईनं हात पुसले होते, कारण व्हिल्येनासाहेबांनी स्वतः कागद आणायची ही पहिलीच वेळ होती. ग्रासिएतचं नाव टाक, ते म्हणाले होते. बाहेर माल न्यायला आलेला ट्रक उभा होता, उशीर होतोय म्हणून त्याचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.

मी ते सांगायला तोंड उघडलं आणि त्या बाईनं लिहिणं थांबवलं. पेन खाली ठेवलं.

"इदालिनाबाई, आपण इथे थांबू," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्यावरून तुमच्यावरच संशय येतो. आता मला तुम्हाला साक्षीदार म्हणून पुढे विचारता येणार नाही. तुम्ही या क्षणापासून आर्गीदा आहात."

 ती पुढे बोलत होती, शांतपणे, कोणाला औषध कसं घ्यायचं ते सांगावं तशी. वकील मिळेल. प्रश्नांना उत्तर द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. गप्प राहिलात तरी ते तुमच्याविरुद्ध धरलं जाणार नाही. आत्तापर्यंत जे बोललात ते पुरावा म्हणून तुमच्याविरुद्ध वापरता येणार नाही. पत्ता बदलला तर कळवायचा. मग तिनं छापील कागद पुढे केला. त्यावर माझं नाव होतं आणि नावापुढे तो शब्द.

मी म्हटलं, पण मी काही केलेलं नाही. ती म्हणाली की केलंय असं कोणी म्हटलेलंच नाही. ठरलेलं काहीच नाही, फक्त संशय आहे, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला फसवून बोलतं करता येत नाही म्हणून हा कागद. लीदियानं मला हेच सांगितलं होतं. तेव्हा ते वकिलांच्या घरातलं होतं, आता ते माझ्या मांडीवर येऊन पडलं होतं.

त्या पांढऱ्या बाहीबद्दल सांगायचं राहिलंच होतं. सांगितलं असतं तर ग्रासिएत त्याच दुपारी मोकळी व्हायच्या वाटेला लागली असती. पण तो कागद समोर होता. मला माझी एकोणतीस वर्षं दिसली, टीव्हीवरची पट्टी दिसली, तिच्यात माझं नाव दिसलं. मी म्हटलं, "मला वकील हवा. मला काही बोलायचं नाही." हेच वाक्य ग्रासिएत बोलली होती म्हणून मी तिला चोर ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं, तरी झुल्मिरानं बाकावरची तिची पिशवी माझ्या पिशवीपासून लांब सरकवली. कोणी विचारलं नाही, मला काय विचारलं, मी काय सांगितलं. दहा वाजता व्हिल्येनांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि चिनी मातीच्या कपातून कॉफी दिली. एकोणतीस वर्षांत मी त्या कपाला हात लावला नव्हता. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. कोणाकडून, ते मी आजही सांगू शकत नाही. ते म्हणाले की काळजी करू नका, कंपनीचा वकील तुमच्यासाठी उभा राहील, आणि गप्प राहणं हाच तुमचा हक्क आहे.

"ग्रासिएतही शहाणपणानं गप्पच आहे," ते म्हणाले. "दोघी गप्प राहिलात तर प्रकरण आपोआप निवेल."

इतके महिने माझा संशय एकाच बाईच्या मागे धावत होता. आता तो उलटा फिरला. मी त्यांच्या बाहीकडे पाहिलं. इस्त्रीची, पांढरी. आम्ही दोघी गप्प राहिल्यानं नेमकं कोणाचं निवणार होतं? आणि ज्या माणसाला त्या दुपारी खिडकीत मी दिसले होते, त्यानंच माझं नाव साक्षीदार म्हणून का सुचवलं? मी बोलेन, ग्रासिएतविरुद्ध बोलेन, आणि सहीचं मला सुचणारच नाही, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब जवळजवळ बरोबर होता, याची मला लाज वाटते. मी कॉफी तशीच ठेवून उठले.

त्या शनिवारी मी ग्रासिएतकडे गेले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, जिन्यात तळलेल्या कांद्याचा वास. तिनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाली. आई आत झोपली होती. ग्रासिएत कोबीची भाजी सुपासाठी बारीक चिरत होती, तशीच परत चिरायला लागली. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. आर्गीदा झाले हेही, आणि तिथे तोंड बंद ठेवून परत आले हेही. 

मग मी विचारलं, की तू तो शब्द मागून का घेतलास.

"साक्षीदार म्हणून बसवलं होतं मला," ती म्हणाली. "कागद पुढे ठेवला, म्हणाल्या, ही तुमची सही का? तुझी शेपटी मला लगेच दिसली. माझी नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय होता ते कळत होतं. कोणाची? आणि साक्षीदाराला उत्तर द्यावंच लागतं. आर्गीदाला नाही द्यावं लागत. सोबत आलेल्या वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मागून घे. घेतलं."

मी व्हिल्येनांबद्दल विचारलं. दवाखान्यात जायची परवानगी त्यांनीच दिली होती, तोंडी. मी बघतो म्हातारीकडे, असं म्हणाले होते. मागाहून ते तिला म्हणाले की मला असं काही आठवत नाही. तिच्या एकटीच्या शब्दाला कोण विचारणार होतं, कागदावर तिचंच नाव असताना?

"मग मला सांगितलं का नाहीस, कोमाद्र?" मी म्हटलं. "एक शब्द जरी बोलली असतीस."

तिनं सुरी खाली ठेवली. "वकीलबाईंनी कोणाशीही बोलायला बंदी केली होती. तरी सांगितलं असतं. मी रोज तुझ्यासमोर कॉफी ढवळत बसायची ती कशाला वाटलं तुला? तू झुल्मिराला विचारलंस, तिच्या नणंदेला विचारलंस. साहेबांनाही विचारलं असशील. मला विचारलं नाहीस, इदालिना. एकदाही नाही."

नावानं हाक मारली तिनं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं आणि तिनं मला रडू दिलं. पाणी आणून दिलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. माझं झाल्यावर म्हणाली की सोमवारी तू तिथे जा किंवा जाऊ नको, पण माझ्यासाठी जाऊ नको, माझे उपकार फेडायला तर मुळीच नको. त्या लग्नातल्या आजीसाठी जा. आतून तिच्या आईनं हाक मारली तेव्हा ती उठून गेली, आणि मी कोट घेऊन निघाले.

सोमवारी मी कामावर गेले नाही. कंपनीच्या वकिलाला फोन करून तुम्ही येऊ नका म्हटलं. कचेरीनं दिलेला वकील आला, केस विंचरायला वेळ न मिळालेला एक पोरगा. त्यानं मला दारातच समजावलं की बोललात तर सही केल्याचं तुम्ही स्वतः कबूल करता. त्याचं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. कारखाना तर तुम्हाला ठेवणार नाही बहुतेक. न बोललात तर तुमच्याविरुद्ध त्यांच्या हातात आज फारसं काही नाही. मी त्याला म्हटलं की पोरा, हे मला ठाऊक आहे, तू माझ्या शेजारी बस म्हणजे झालं.

आत तीच बाई होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं, तो शब्द, ते हक्क. शेवटी थांबून तिनं विचारलं, "गप्प राहिलात तर ते तुमच्याविरुद्ध धरलं जाणार नाही, हे तुम्हाला नीट कळलंय ना?"

"इथे नाही धरणार तुम्ही," मी म्हटलं. "खाली रस्त्यावर धरतात. माझ्या कोमाद्रचं मी स्वतः धरलंय, चार महिने. लिहा आता."

आणि मी चौदा मार्चपासून सुरुवात केली.